लोह-कोबाल्ट नॅनोकण: २ मिमी थराला उणे ६ डेसिबलच, सल्ला हवा

प्रयोगवही: मायक्रोवेव्ह शोषणारा थर करायचा आहे. ५० नॅनोमीटरचे लोह-कोबाल्ट (६५:३५) कण वजनाने ७० टक्के, बाकी पॅराफिन मेण. ७ मिमी कोॲक्सियल एअरलाइनसाठी (नमुना मोजायची, मध्ये वाहक असलेली धातूची नळी) २ मिमी जाडीची कडी. १० गिगाहर्ट्झला एप्सिलॉन (विद्युत प्रतिसाद) १८, म्यू (चुंबकीय प्रतिसाद) १.३, परावर्तन घट (परत येणारी लहर किती कमी झाली) उणे ६ डेसिबल. १५.५ गिगाहर्ट्झजवळ म्यूच्या वक्राला टोकदार काटा येतोय, तो कणांचा खरा चुंबकीय अनुनाद समजू का? कणांचं प्रमाण आणखी वाढवू का?

लहरी: प्रमाण वाढवू नका, कमी करा. या आकड्यांना एक तृतीयांश शक्ती पहिल्याच पृष्ठभागावरून परत फिरते. शिवाय पाव तरंगलांबीच्या हिशोबाने १० गिगाहर्ट्झला १.५५ मिमी जाडी हवी. २ मिमीला तुमचा खड्डा (जिथे परावर्तन सर्वात कमी) ७.७ गिगाहर्ट्झच्या आसपास सरकलाय, तिथे बघा. वजनाने ५० टक्क्यांवर या (आकारमानाने ते जेमतेम १०, मेण फार हलकं). एप्सिलॉन ९, म्यू १.२ मिळाले तर २.३ मिमी जाडी १० ला बरोबर बसेल.

सिलिका_कवच: नुसतं प्रमाण उतरवलं तर चुंबकीय शोषणही उतरतं. कण एकमेकांना टेकून विजेची वाट होते, म्हणून एप्सिलॉन चढतो. ती वाट तोडा, कणांवर सिलिकाचं कवच चढवा. १ ग्रॅम कण १६० मिली इथेनॉल आणि ४० मिली पाण्यात २० मिनिटं अल्ट्रासॉनिकमध्ये ठेवा, ३ मिली तीव्र अमोनिया घाला, मग १ मिली टीईओएस (ज्यातून सिलिका बनते) थेंब थेंब, आणि ५ तास ढवळा. ढवळायला यांत्रिक पातं वापरा. चुंबकी कांडी चालत नाही, सगळे कण तिलाच चिकटतात. सगळी सिलिका कणांवर बसली तरी कवच ७ नॅनोमीटरच्या आतच राहतं, तेवढं पुरे. त्याहून जाड केलंत तर चुंबकत्व पातळ होतं.

सुकवणं निर्वातात करा आणि हवा अगदी हळूहळू आत सोडा. उघडी धातूची नॅनोभुकटी हवेत पेट घेते, यात हयगय नको.

लहरी: काट्याबद्दल: कडीची जाडी अर्ध्या तरंगलांबीइतकी झाली की एस-११ (कडीवरून परत येणारा संकेत) शून्याला टेकतो आणि निकोल्सन-रॉस-वेअरचं गणित (मोजमापातून एप्सिलॉन-म्यू काढायची पद्धत) फिसकटतं. २ मिमी आणि तुमचे आकडे घातले की बरोबर १५.५ च येतं. १.२ मिमीची कडी मोजा. काटा नाहीसा झाला तर तो गणिताचाच होता.

सिलिका_कवच: आणि कडीचं आतलं भोक ३.०४ मिमीच ठेवा. आतल्या वाहकाशी फट राहिली तर एप्सिलॉन खोटा कमी दिसतो.