नाक्यावर मोबाईल हिसकावला, परत कसा मिळवायचा?

केळीवाला_सावदा: तातडीने सांगा. काल संध्याकाळी गाडी अडवली, भाचा व्हिडिओ काढत होता. हवालदारांनी मोबाईल ओढून घेतला, म्हणे सरकारी कामात अडथळा. व्यापाऱ्यांचे सगळे नंबर त्यात आहेत!

तापीकाठ: भाऊ, रस्त्यावर की ठाण्यात? पावती दिली? भाच्याचं वय?

आबा_अमळनेर: कागद पुरे ठेवले की कोणी अडवत नाही. मी तीस वर्षं ट्रक चालवला, व्हिडिओची पाळी आली नाही.

तापीकाठ: आबा, कागदांचं विचारलंय कुठे त्यांनी?

केळीवाला_सावदा: रस्त्यावर. वय १९. पावती नाही, उद्या ये म्हणाले.

नंदुरबारी: सरकारी गुपितांचा कायदा (ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्ट) लावतील, जपून. पण २०२२ ला नागपूर खंडपीठाने सांगितलंय, पोलीस ठाणं त्या १९२३ च्या कायद्यात प्रतिबंधित जागा नाही.

धुळ्याचा_वकील: तो निकाल ठाण्यातल्या चित्रीकरणाचा, इथे रस्ता आहे. उगाच घाबरवू नका. सरकारी कामात अडथळ्यासाठी १ जुलै २०२४ पासून जुन्या दंड संहितेच्या कलम ३५३ च्या जागी न्याय संहितेचं कलम १३२ आहे. त्याला हल्ला किंवा बळाचा वापर लागतो, नुसता मोबाईल धरणं त्यात बसत नाही. मोबाईल जप्त केला असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ प्रमाणे मॅजिस्ट्रेटला लगेच कळवावं लागतं. ठाण्यात लेखी अर्ज द्या, पोच घ्या, प्रत स्पीड पोस्टाने पोलीस अधीक्षकांना. नाहीच दिला तर सुपुर्दनाम्यावर, म्हणजे लागेल तेव्हा हजर करू असं लिहून देऊन, परत मागायला मॅजिस्ट्रेटकडे अर्ज.

नंदुरबारी: मी घाबरवत नाही. माझ्या मित्राला हाच कायदा दाखवून रात्रभर बसवलं होतं.

भुसावळ_मोबाईल: व्हिडिओ उडवला असेल तरी गुगल फोटोजच्या ट्रॅशमध्ये बघा. बॅकअप असेल तर ६० दिवस राहतो.

आबा_अमळनेर: सावद्याला केळीला काय भाव चाललाय?

केळीवाला_सावदा: आबा, भावाचं नंतर. वकीलसाहेब, एक राहिलं. मोबाईल ओढला तेव्हा भाच्याने हवालदारांचा हात झटकला. टपरीवरच्या लोकांनी पाहिलं.

धुळ्याचा_वकील: हे आधी सांगायला हवं होतं. १३२ अजामीनपात्र आहे आणि याच झटक्यावर ते लावतील. उद्या त्याला एकट्याला पाठवू नका. सकाळीच रावेरचा वकील गाठा, टपरीवाल्यांची नावं लिहून घ्या.

केळीवाला_सावदा: तो आत्ताच ठाण्याकडे निघालाय. फोन करायला त्याच्याकडे मोबाईल नाही. मी गाडी काढतो.