मदत हवी आहे: पीएच.डी.साठी मोठी लॅब की नव्या गाईड?

नमस्कार मंडळी. रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालंय, जेआरएफ म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली आहे (महिना 37,000, त्यामुळे घरचे सध्या तरी 'लग्नाचं बघू' म्हणत नाहीत). दोन गाईड घ्यायला तयार आहेत आणि माझं ठरत नाहीये.

पहिले सर प्रोफेसर. यूजीसीच्या 2022 च्या नियमांनुसार प्रोफेसरला एका वेळी आठच विद्यार्थी घेता येतात, त्यांच्याकडे शेवटची एक जागा उरलीय. पेपर धडाधड निघतात, उपकरणांसाठी ताटकळावं लागत नाही. पण तिथल्या एका सीनियर ताईने हळूच सांगितलं, "पाच पेपरांत माझं नाव आहे गं, पण एकही मसुदा पहिल्या ओळीपासून मी लिहिलेला नाही. पेपर तपासणाऱ्या रिव्ह्यूअरला उत्तरंही सरच देतात." दुसऱ्या मॅडम असिस्टंट प्रोफेसर, दोनच विद्यार्थी. मसुदा लाल करून चार-चार वेळा परत देतात म्हणे! निधी मात्र बेताचा, एनएमआरसाठी (रेणूची रचना तपासायची चाचणी) नमुने बाहेर पाठवावे लागतात.

थीसिस देण्याआधी पेपर छापायची यूजीसीची सक्तीही 2022 मध्ये गेली. म्हणजे लिहायची सवय लागणार की नाही, हे बरंचसं गाईडवरच.

पीएच.डी. होऊन पाच-सात वर्षं झालेल्यांना विचारते: गाईडचा हात सुटल्यावर स्वतःचा पहिला पेपर निघायला किती वेळ लागला? तेव्हा कामी काय आलं, लॅबचं नाव की लिहिण्याचा सराव? आणि लहान लॅबमधून पोस्टडॉकसाठी (पीएच.डी.नंतरच्या संशोधनासाठी) मोठी लॅब गाठता येते का? पंधरा दिवसांत कळवायचंय.