विषय: फराळाच्या यादीतल्या नव्या नावांना स्वागताचं ईमेल

मंडळी, नमस्कार.
न्यू जर्सीला पाठवायच्या फराळासाठी नौपाड्यातल्या प्रदर्शनात वहीवर १४० ईमेल पत्ते जमलेत. दिवाळीच्या तोंडावर सगळ्यांना जीमेलवरून बीसीसीत (एकमेकांचे पत्ते दिसणार नाहीत असे) टाकून एकच स्वागतपत्र धाडावं म्हणतो. चालेल ना?
– नौपाडा, ठाणे

---

दादा, बीसीसी नकोच आणि दिवाळीपर्यंत थांबणंही नको. महिन्याभरात माणूस वहीत नाव लिहिलेलं विसरतो आणि सरळ 'स्पॅम' दाबतो. अशा तक्रारी ०.१ टक्क्याच्या आत ठेवा, ०.३ ला पोचूच देऊ नका, असं गूगल सांगतं. १४० पत्रांत एक तक्रार म्हणजे ०.७!

आधी वहीतल्या पत्त्यांना फक्त 'नाव पक्कं करा' अशी दोन ओळींची लिंक पाठवा. हाताने लिहिलेल्या पत्त्यांत 'जीमेल'चं 'जीमिअल' होतंच, ती पत्रं परत येतील. एकदा आठवण करूनही क्लिक नाही, तर नाव काढा, जीव अडकवू नका. क्लिक झालं की स्वागतपत्र त्याच मिनिटाला, आपोआप जायला हवं.

मेलिंग सेवेतून (यादीला एकगठ्ठा पत्रं पाठवणाऱ्या साइटवरून) पाठवताना प्रेषक म्हणून जीमेलचा पत्ता टाकू नका, डीमार्क तपासणीत (प्रेषक खरा आहे का, ते पाहणाऱ्या) नापास होतो. स्वतःचं डोमेन, म्हणजे आपल्या नावाचा वेबपत्ता, घ्या. त्यावर एसपीएफ (आपल्या नावाने कोण पत्र पाठवू शकतं त्याची नोंद), डीकिम (पत्रावरची डिजिटल सही) आणि डीमार्क लावा. घोळ बहुतेकदा एसपीएफमध्ये होतो: डोमेनवाल्याची एक नोंद आधीच असते, आपण दुसरी टाकतो आणि दोन्ही निकामी ठरतात. नोंद एकच ठेवायची, डोमेनवाल्याचं आणि मेलिंग सेवेचं, दोन्ही 'इन्क्लूड' (परवानगीचे उल्लेख) तिच्यातच.

विषयाची ओळ: 'नाव नोंदलं. चकली-अनारशांचं वेळापत्रक आत.' आत तीनच गोष्टी: पत्रं किती वेळा येतील, ऑर्डरची शेवटची तारीख आणि एक प्रश्न, 'पार्सल कुठल्या शहरात?' उत्तर येणारा पत्ता रोज कुणीतरी उघडला पाहिजे. 'नो-रिप्लाय' म्हणजे पाहुण्याला बोलावून दार लावून घेणं.

वर्डमधून मजकूर चिकटवू नका. त्यासोबत अदृश्य कोड येतो, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायच्या पद्धतीत) ३ बाइट खातं ('की' म्हणजे ६). १०२ केबीपुढे जीमेल पत्र कापतं, मग तळाची 'यादीतून काढा' लिंक दिसतच नाही. ती नाही सापडली की पुन्हा स्पॅमच. अख्खं पत्रक फोटो म्हणून लावायचा मोहही टाळा.
– घोडबंदर रोड

---

दादांना एक पुरवणी. 'किती जणांनी उघडलं' हा आकडा धरू नका. २०२१ पासून ॲपलचं मेल ॲप चित्रं आधीच उतरवून घेतं, म्हणून न वाचलेलंही वाचलेलं दिसतं. उत्तरं आणि क्लिक मोजा.

आणि 'सवलत रात्री १२ पर्यंत' लिहिताना कुठले १२ ते सांगा. ठाण्यात मध्यरात्र होते तेव्हा ऑक्टोबरात न्यू जर्सीत दुपारचे अडीच वाजलेले असतात; नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं मागे गेली की दीड.
– वाशी