दिवाळी अंकवाले उत्तरच देत नाहीत, लिहिणं चालू ठेवावं का?

काळीमाती_सेलू
नमस्कार मंडळी. सेलू तालुक्यात माझं खत-बियाण्याचं दुकान आहे, रात्री शटर ओढलं की मी कथा लिहितो. दिवाळी अंकांना बरीच वर्षं पाठवायलोय, उत्तर कोणाचंच नाही, अहो नाही म्हणा की, पण तेवढंही कोणी म्हणत नाही. एका प्रकाशकानं फोन उचलला तर म्हणे पुस्तक काढू, छपाईचा खर्च तुमचा आणि वर तीनशे प्रती तुम्हीच घ्यायच्या. बायको म्हणती एवढ्या वेळात उधारीची वही तरी नीट लिहा 😄 हे सगळं चाललं असतं, पण परवा माझीच एक जुनी कथा उघडली आणि दुसऱ्या पानावर लाज वाटून बंद केली. तेव्हापासून हात चालंना. गावात वाचून दाखवावं असं कोणी नाही, व्हॉट्सॲपवर टाकलं की अंगठा येतो, बस. तुम्हाला असं होतं का? होत असल तर काय करता?

रेघोट्या
लाज वाटली म्हणजे तुमची नजर सुधारली दादा, चांगलं लक्षण आहे, लिहीत रहा.

मोंढा_नाका
रेघोट्या ताई, हे सगळेच सांगतात, पण कधी कधी कथा खरंच वाईट असती हो 😀 भाऊ, लाज नेमकी कुठं वाटली ते बघा. माझ्या कथेत म्हातारा मरताना अर्धं पान भाषण द्यायचा, आमच्या गावात मरणारा माणूस पाणी मागतो नाहीतर बैलाचं विचारतो. तेवढं भाषण काढलं, बाकीची कथा ठीक होती. सगळी फाईल डिलीट करायचं काम नाही.

जुना_मुद्रितशोधक
दिवाळी अंकाचं आतलं सांगतो, एका जिल्ह्याच्या अंकाचं प्रूफ मी बरीच वर्षं तपासलंय. १९०९ साली 'मनोरंजन'नं दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही परंपरा चालू आहे, पण आमच्याकडं अंक म्हणजे संपादक आणि दोन-तीन जण, तेही आपापल्या नोकऱ्या सांभाळून. निम्मी पानं ओळखीच्या लेखकांना आधीच सांगून ठेवलेली असतात. उरलेल्यात काय बसतं ते जाहिरातींवर ठरतं, पतसंस्था, दवाखाने, सराफ. एका वर्षी शेवटच्या आठवड्यात सराफाची फुल पेज जाहिरात आली आणि एक चांगली कथा बाहेर गेली, त्या माणसाला कोणी कळवलंही नाही, त्याला आजही वाटत असल कथा पडली म्हणून. तेव्हा उत्तर आलं नाही याचा अर्थ लावत बसू नका. तुमच्या कथा किती शब्दांच्या असतात? सात-आठ हजारांची कथा नवीन नावाला कोणी घेत नाही, दोन-अडीच हजारांची पाठवा, आणि सप्टेंबरात नाही, जून-जुलैतच.

काळीमाती_सेलू
बाप रे, माझ्या सगळ्या सात हजाराच्या पुढं. आणि जून-जुलै म्हणजे आमचा खरिपाचा सीझन, सोयाबीनच्या बॅगा, युरियाची लाईन, जेवायला टाईम नसतो.

पैनगंगा
प्रकाशकाला पैसे देऊ नका, आधी हे ऐका. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, ज्याचं एकही पुस्तक आलेलं नाही त्याच्या पहिल्या पुस्तकासाठी. जाहिरात निघाली की हस्तलिखित पाठवायचं. म्हणजे स्वतःच्या पैशानं पुस्तक काढलं तर पहिलं पुस्तक तिथंच संपलं, हे नंतर कळून हळहळणारे लय बघितलेत. आणि कोणी आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या ओळख नंबराचे, वेगळे पैसे मागितले तर समजून जा, तो नंबर सरकारकडून फुकट मिळतो. एकेक कथा मराठवाडा साहित्य परिषदेच्या 'प्रतिष्ठान' या नियतकालिकाला पण पाठवून बघा.

उगाच_एक
लिहून कोणाचं भलं झालंय? आजकाल वाचतंय कोण? दुकान बघा राव.

मोंढा_नाका
तुम्ही वाचायलात की, कमेंट करण्यापुरतं तरी 🙏 आणि नोकरीधंदा सांभाळूनच लिहिलंय हो आपल्याकडच्यांनी. बी. रघुनाथ परभणीत बांधकाम खात्यात कारकून होते, १९५३ साली चाळिशीतच गेले, तेही कचेरीत काम करता करता. तेवढ्यात कविता, कथा, कादंबऱ्या सगळं लिहून ठेवलं. सेलूहून परभणी किती लांब आहे, रेल्वेनं या एकदा, त्यांच्या नावाचं सभागृह आहे तिथं, कार्यक्रम असला की ऐकणारे लोक भेटतात. अंगठेवाले नाही, खरे.

काळीमाती_सेलू
येतो, सीझन संपू द्या. जुना_मुद्रितशोधक सर, सात हजारातून अडीच हजार करायचे कसे? एक कथा आहे, एकजण उधारीवर बियाणं न्यायला येतो आणि काउंटरपाशी नुसता उभा राहतो, बोलतच नाही.

जुना_मुद्रितशोधक
तो माणूस काउंटरपाशी कितव्या पानावर येतो?

काळीमाती_सेलू
सहाव्या 😅 आधी दुष्काळाचं वर्णन आहे.

जुना_मुद्रितशोधक
मग सहाव्या पानापासून वाचतो, मेसेजमध्ये फाईल टाका. युनिकोडमध्ये पाठवा, जुन्या फॉन्टची माझ्या कॉम्प्युटरवर उघडत नाही.