शब्दचर्चा : ‘ख्रिस्ती नाव’ म्हणजे नेमकं कोणतं नाव?

प्रश्न :
जुन्या अर्जांत आणि अनुवादित कादंबऱ्यांत ‘त्याचं ख्रिस्ती नाव अमुक’ असं लिहिलेलं आढळतं. म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळचं नाव, बायबलमधलं नाव, की इंग्रजी-पोर्तुगीज वळणाचं कुठलंही नाव? नगरकडच्या ख्रिस्ती मंडळींची नावं पुष्कळदा चारचौघांसारखी मराठी असतात, वसईत मात्र जॉन, फ्रान्सिस. मग यातलं ‘ख्रिस्ती’ काय? ओघाने आणखी एक शंका : ‘येशू ख्रिस्त’ यात ख्रिस्त हे आडनाव का?

प्रतिसाद १ :
दुसरी शंका आधी. ख्रिस्त हे आडनाव नव्हे, पदवी आहे. हिब्रू ‘मशीहा’चं ते ग्रीक भाषांतर, अर्थ ‘अभिषिक्त’, ज्याच्या मस्तकावर तेल ओतून अभिषेक झाला आहे असा. त्या काळी तिकडे आडनावं नव्हतीच, बापाचं नाव नाहीतर गावाचं नाव लावत. आडनावच हवं असेल तर मराठी बायबलात ते सापडतं : नासरेथकर. अगदी आपल्या पद्धतीचं.

खरी गंमत ‘येशू’मध्ये आहे. हिब्रूत मूळ नाव यहोशुआ, त्याचं आखूड रूप येशुआ, ग्रीकमधून फिरून आलं ते येशू. अर्थ ‘यहोवा (म्हणजे देव, त्याचं हे हिब्रू नाव) तारण करतो’. नव्या करारातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात, पहिल्याच अध्यायात, देवदूत योसेफाला सांगतो, त्याचं नाव येशू ठेव, कारण तो आपल्या लोकांना पापांपासून तारील. हे ‘कारण’ हिब्रू जाणणाऱ्यालाच लागतं. मराठीत ‘येशू’ आणि ‘तारणे’ यांचा काही संबंध दिसत नाही, म्हणून वाचक पुढे निघून जातो. त्यात आपल्याकडे जुन्या करारातल्या त्याच नावाच्या सेनापतीला ‘यहोशवा’ म्हणतात. नाव एकच आहे हे मराठी वाचकाला कळणार कसं?

प्रतिसाद २ :
धर्म बदलला की नाव बदलायचं, ही रीत बायबलपासूनचीच ना? प्रेषितांपैकी शौलाचा पौल झाला, शिमोनाचा पेत्र. त्या अर्थी नवं नाव ते ‘ख्रिस्ती नाव’.

प्रतिसाद ३ :
पौलाचं उदाहरण सगळे देतात, पण ते इथे लागू पडत नाही. दमास्कसच्या वाटेवर येशूचं दर्शन होऊन तो पालटला, तो प्रसंग नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात आहे. त्यानंतरही त्याला शौलच म्हटलेलं आहे. तेराव्या अध्यायात सहज उल्लेख येतो, ‘शौल, ज्याला पौलही म्हणत’. घरचं यहुदी नाव शौल, रोमी नाव पौल, दोन्ही त्याचीच. परदेशी लोकांत वावर वाढला तसं दुसरं नाव पुढे आलं.

नाव बदलल्याची खरी उदाहरणं वेगळी आहेत. अब्रामाचा अब्राहाम, सारायची सारा, याकोबाचा इस्राएल. शिमोनाला येशू ‘केफा’ म्हणतो. अरामी भाषेत त्याचा अर्थ खडक, ग्रीकमध्ये तोच पेत्र. इथे माणूस स्वतः नाव घेत नाही, त्याला ते दिलं जातं, आणि नावाबरोबर एक काम येतं. पूर्वीचा धर्म पुसून टाकण्याशी या नामांतरांचा संबंध नाही.

पहिल्या शतकातल्या मंडळींची नावं पाहा. पौलाचा सहकारी अपुल्लोस : अपोलो देवाच्या नावावरून. रोमकरांस पत्रातली फिबी : आर्तेमिस देवीचं एक नाव. एपफ्रदीत तर सरळ अफ्रोदितीचा. बाप्तिस्मा होऊनही कोणी ही नावं सोडली नाहीत. पुढे संत झालेल्यांतही मार्टिन आहे, म्हणजे रोमी युद्धदेव मार्सचा. इसिदोर आहे, म्हणजे इसिस देवीने दिलेला! आज हीच नावं आपण बेलाशक ‘ख्रिस्ती’ म्हणून ओळखतो.

उलटं उदाहरणही आहे. इ.स. ५३३ मध्ये मर्क्युरिअस नावाचे धर्मगुरू पोप झाले. रोमी देवाचं नाव घेऊन पेत्राच्या आसनावर बसणं त्यांना प्रशस्त वाटेना, म्हणून त्यांनी योहान हे नाव घेतलं. पोपने नवं नाव घेण्याचं हे पहिलं उदाहरण.

प्रतिसाद ४ :
अर्जातल्या शब्दापुरतं : ‘ख्रिस्ती नाव’ हे ‘क्रिश्चन नेम’चं शब्दशः भाषांतर. आडनाव घराण्याकडून येतं, स्नानसंस्कारात (प्रोटेस्टंट मंडळी बाप्तिस्मा म्हणतात) उच्चारलं जातं ते व्यक्तीचं नाव, म्हणून इंग्रजीत ते ‘क्रिश्चन नेम’ झालं. मराठीत ‘पहिलं नाव’ पुरे. अनुवादकांनी ‘ख्रिस्ती नाव’ लिहिणं थांबवावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

मात्र स्नानसंस्कार म्हणजे बारसं नव्हे. विधीच्या सुरुवातीला नाव विचारलं जातं हे खरं, पण संस्कार पाण्याचा आहे, नावाचा नाही. कॅथलिकांच्या १९१७ च्या धर्मसंहितेत ख्रिस्ती नाव ठेवण्याचा आग्रह होता. पालक बधले नाहीत तर पाद्र्याने एखाद्या संताचं नाव जोडून नोंदवहीत दोन्ही लिहावीत, असं होतं. १९८३ च्या संहितेत, कलम ८५५, इतकंच उरलं की ख्रिस्ती भावनेला परकं असलेलं नाव ठेवू नये.

वसईचं म्हणाल तर तिथे १७३९ पर्यंत पोर्तुगीज होते आणि ठसा त्यांचा आहे. फर्नांडिस म्हणजे फर्नांदोचा मुलगा, रॉड्रिग्ज म्हणजे रॉड्रिगोचा, परेरा म्हणजे नासपतीचं झाड. यात धर्म कुठे आहे? धर्म शोधायचा तर गोव्याच्या दुमिंगमध्ये, म्हणजे दोमिंगोसमध्ये, शोधा : प्रभूच्या वाराचा, रविवारचा. पास्कोल ईस्टरचा, साल्वादोर तारणारा.

प्रतिसाद ३ कडून पुन्हा :
पूर्ण सहमत. नगरची, एकूणच मराठी ख्रिस्त्यांची, परंपरा याच अंगाने पाहावी. नीळकंठशास्त्री गोऱ्हे १८४८ मध्ये ख्रिस्ती झाले आणि ‘नेहेम्या’ झाले. अर्थ ‘यहोवा सांत्वन करतो’. पंडिता रमाबाईंना १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये ‘मेरी रमा’ हे नाव मिळालं, पण महाराष्ट्राने त्यांना रमाबाईच म्हटलं. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक मात्र नारायणच राहिले. विष्णूचं नाव घेऊन त्यांनी ख्रिस्ताची गाणी लिहिली. अपुल्लोसाला जे चाललं ते टिळकांना का चालू नये?

आणि अर्थच पाहायचा तर मत्तय म्हणजे यहोवाचं दान, नाथनाएल म्हणजे देवाने दिलेला, थिओडोर तेच ग्रीकमध्ये. मराठीत याला देवदत्त म्हणतात.

प्रश्नकर्ता :
आभार. एक शेपूट : बाप्तिस्मा ‘पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने’ देतात, प्रार्थनाही ‘येशूच्या नावाने’ संपते. मराठीत नावाने खडे फोडतात, बोटंही मोडतात. ‘नामात’ बरं नाही का?

प्रतिसाद १ कडून :
आपल्याकडे देवाच्या नावाने दानही करतात, तेव्हा ‘नावाने’ बिघडलेलं नाही. अर्थ ‘त्याच्या अधिकाराने’ असा घ्यायचा. ‘नामात’ मला ओढूनताणून वाटतं. बाकी त्या वाक्यात तिघांचा उल्लेख असूनही ‘नावांनी’ नाही, ‘नावाने’ आहे. मूळ ग्रीकमध्येही एकवचनच आहे, आणि त्रैक्याचा (पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून देव एकच, हा) सिद्धान्त मांडणारे त्या एकवचनावर फार भर देतात.