मदत हवी आहे: बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिनमध्ये फिनाइल नेमकं कोणत्या तोंडातून शिरतं?

एन-अ‍ॅसिटिल-एल-फिनाइलअ‍ॅलॅनिन (फिनाइल रिंग असलेलं अमिनो आम्ल) आणि बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन (सात ग्लुकोजचं पोकळ वलय, एक तोंड रुंद, दुसरं अरुंद) यांच्या कॉम्प्लेक्सवर एनएमआरने काम चालू आहे. जॉब प्लॉटचं (दोघांचं प्रमाण ठरवणाऱ्या आलेखाचं) टोक 0.5 वर येतं, म्हणजे 1:1 धरतोय. दोन्ही 10 मिलिमोलर, जड पाण्यात फॉस्फेट बफर, पीडी (जड पाण्यातला पीएच) 7 च्या आसपास, म्हणजे कार्बोक्सिलेट आयनाच्या रूपात. (बीटाची विद्राव्यता 16 मिलिमोलरच्या आसपासच, त्यामुळे फार वर जाता येत नाही.) डीएसएस (एनएमआरचा संदर्भ पदार्थ) मुद्दाम घातलेलं नाही, तेच पोकळीत शिरून बसतं.

टायट्रेशनमध्ये सायक्लोडेक्स्ट्रिनच्या पोकळीतले प्रोटॉन एच-3 (रुंद तोंडाकडचा) आणि एच-5 (अरुंद तोंडाकडचा) दोन्ही अपफील्ड (कमी पीपीएमकडे) सरकतात, बाहेरचे एच-2, एच-4 जवळपास जागेवर. तेव्हा फिनाइल रिंग आत आहे, यात शंका नाही. अडलंय दिशेवर. रोझीत (जवळजवळचे प्रोटॉन दाखवणारा द्विमितीय एनएमआर प्रयोग) रिंगवरच्या अ‍ॅरोमॅटिक प्रोटॉन्सचे क्रॉस-पीक दोघांशी दिसतात, पण 400 मेगाहर्ट्झवर मेटा-पॅरा एकमेकांत मिसळलेत आणि एच-5 वर एच-6 चढून बसलाय. साधी नोझी (त्याच धर्तीचा दुसरा प्रयोग) करून पाहिली. या आकाराच्या रेणूला ती जवळपास शून्यच देते.

पुण्यात मला 400 चंच मशीन मिळतं, स्लॉटही रात्रीचे. आयटीसी (बंध जुळतानाची उष्णता मोजणारं यंत्र) हाताशी नाही. डॉकिंग (संगणकावर रेणू बसवून पाहणं) सुचवू नका प्लीज, गाइडना प्रयोगाचाच पुरावा हवाय.

एन-अ‍ॅसिटिल-टायरोसिन घेतलं तर ऑर्थो-मेटाचे सुटे डबलेट मिळतील, पण पॅरा-हायड्रॉक्सिलमुळे शिरण्याची दिशाच बदलली तर? की फिनाइलअ‍ॅलॅनिनच ठेवून, रुंद तोंडाकडचा ऑर्थो–एच-3 आणि अरुंद तोंडाकडचा पॅरा–एच-5 हे पीक वेगळे काढायची काही युक्ती आहे?