५४ मिमी घोडेस्वार : स्वार जमतो, घोडा का जमत नाही?

कुंचला :

नमस्कार. नेपोलियनच्या काळातील घोडदळाच्या ५४ मिमी फिगर, म्हणजे उभा माणूस सुमारे ५४ मिमी उंच भरेल अशा प्रमाणातल्या छोट्या प्रतिकृती, जमवणे आणि रंगवणे हा माझा छंद आहे. सध्या टेबलावर फ्रेंच क्युरासिए, म्हणजे छातीला आणि पाठीला पोलादी कवच बांधणाऱ्या जड घोडदळातील काही स्वार आहेत. फिगर व्हाइट मेटलच्या (कथिलाच्या मिश्रधातूच्या) असून घोडा आणि स्वार वेगवेगळे ओतलेले आहेत. गणवेशांची माहिती मुबलक मिळत असल्यामुळे स्वार मनासारखे होतात. घोडा मात्र तपकिरी रंग फासलेल्या लाकडासारखा दिसतो. ॲक्रिलिक रंगाचे ड्रायब्रशिंग केले, म्हणजे जवळजवळ कोरडा कुंचला उंचवट्यांवरून घासला, की स्नायूंच्या उंचवट्यांवर खडूसारखा पांढुरका थर बसतो आणि वॉश, म्हणजे अगदी पातळ केलेला रंग, दिला तर खोलगट जागी डबकी साचतात.

माझे प्रश्न असे आहेत : घोड्याच्या अंगाला मऊ आणि तुकतुकीत छटा कशी आणावी? एका रेजिमेंटचे सगळे घोडे एकाच रंगाचे असावेत का? कवचाची चकाकी खरी वाटावी यासाठी आपण काय करता? शिवाय नात्यातील एका वयोवृद्ध गृहस्थांनी मला शिशाचे जुने, पोकळ ओतकामाचे काही ब्रिटिश घोडेस्वार दिले आहेत. त्यांच्या रंगाचे टवके उडाले आहेत. ते नव्याने रंगवावेत की तसेच ठेवावेत?

अबलख :

घोड्यापुरते उत्तर देतो, कारण माझ्या मते घोडेस्वाराच्या फिगरमध्ये पाहणाऱ्याची नजर प्रथम घोड्यावरच जाते आणि आपण सगळे मात्र निम्म्याहून अधिक वेळ स्वाराच्या बटणांवर घालवतो.

घोड्याच्या अंगासाठी ॲक्रिलिक सोडून तैलरंग वापरून पाहावेत. प्रायमर (रंग धरण्यासाठी दिलेला पहिला थर) वाळल्यावर संपूर्ण घोड्याला ॲक्रिलिकचा फिकट, उबदार थर द्यावा. कुमैत, म्हणजे तपकिरी अंगाच्या आणि काळ्या आयाळीच्या घोड्यासाठी नारिंगीकडे झुकणारा गेरू, गडद घोड्यासाठी थोडा तांबूस तपकिरी. हा थर पूर्ण वाळला की त्यावर बर्न्ट अंबर किंवा बर्न्ट सिएना या तैलरंगाचा अगदी पातळ लेप सगळीकडे लावावा आणि काही मिनिटांनी कोरड्या, मऊ, रुंद कुंचल्याने किंवा मेकअपच्या स्पंजाने तो हलकेच पुसून घ्यावा. पुसताना हात केसांच्या दिशेने, म्हणजे मानेवरून खांद्याकडे आणि पाठीवरून पुठ्ठ्याकडे (घोड्याच्या मागच्या मांसल भागाकडे) फिरवावा. उंच भागावरचा रंग निघून खालची उबदार छटा दिसते, स्नायूंमधल्या खाचांत गडद रंग राहतो आणि दोहोंमधली सीमा आपोआप विरघळते. ड्रायब्रशने जो पांढुरका थर येतो, तो इथे येण्याचे कारणच उरत नाही. महागडे आयात रंगच हवेत असेही नाही. कॅम्लिनचे कलावंतांसाठीचे तैलरंग या कामाला पुरेसे आहेत.

यानंतरचे काम निरीक्षणाचे आहे. कुमैत घोड्याची आयाळ, शेपूट, गुडघ्याखालचे पाय आणि कानांची टोके काळी असतात. तांबड्या, म्हणजे इंग्रजीत ज्याला चेस्टनट म्हणतात त्या घोड्याची आयाळ अंगाच्याच रंगाची किंवा त्याहून फिकट असते, काळी कधीच नसते. अनेक चांगल्या फिगरमध्ये हा गोंधळ दिसतो आणि घोडे जाणणाऱ्या माणसाला तो लगेच खटकतो. पाय पांढरा असेल तर त्याखालचा खूर बहुधा फिकट, पिवळसर असतो. पाय गडद असेल तर खूरही गडद. पांढरे दिसणारे बहुतेक घोडे जन्मतः गडद असतात आणि वयानुसार पांढरे होत जातात, त्यांची कातडी मात्र काळपटच राहते. म्हणून त्यांच्या नाकपुड्या आणि डोळ्यांभोवतीचा भाग करडा ठेवावा. गुलाबी छटा फक्त कपाळावरचा पांढरा पट्टा ओठांपर्यंत उतरला असेल तिथेच द्यावी.

रेजिमेंटमधील रंगांविषयी : क्युरासिएंसाठी उंच, दणकट आणि शक्यतो गडद घोडे घेतले जात, त्यामुळे काळे, गडद कुमैत आणि गडद तांबडे यांचे मिश्रण योग्य दिसेल. ट्रम्पेटवाल्याला प्रथेप्रमाणे पांढरा किंवा करडा घोडा द्यावा. धुरातही तो चटकन ओळखू यावा, हा त्यामागचा हेतू. १८१२ च्या रशियाच्या मोहिमेत नेपोलियनचे घोडदळ जवळजवळ संपले आणि त्यानंतर मिळेल तो घोडा घ्यावा लागला, म्हणून आपला गट १८१३ नंतरचा असेल तर रंगांत बरीच सूट घेता येईल. संपूर्ण रेजिमेंट एकाच रंगाची हवी असेल तर ब्रिटिशांची रॉयल स्कॉट्स ग्रेज आहेच. १८ जून १८१५ रोजी वॉटर्लूच्या रणांगणावर त्यांच्या सार्जंट चार्ल्स युअर्टने फ्रेंचांच्या ४५ व्या रेजिमेंटचे गरुडचिन्ह हिसकावले होते. मात्र सगळे घोडे करडे असले तरी प्रत्येकाची छटा वेगळी ठेवावी लागते, आणि तेच अवघड आहे.

जाता जाता एक गोष्ट. पुढचे दोन्ही पाय पुढे आणि मागचे दोन्ही मागे ताणलेला चौखूर घोडा जुन्या चित्रांत नेहमी दिसतो. १८७८ मध्ये कॅलिफोर्नियात छायाचित्रकार मायब्रिजने काढलेल्या छायाचित्रमालिकेने हे सिद्ध केले की घोड्याचे चारही पाय एकाच वेळी हवेत असतात ते पोटाखाली गोळा झालेले असताना. नवीन फिगर विकत घेताना मी प्रथम हेच पाहतो.

खोगीर :

अबलख यांच्याशी बहुतांशी सहमत आहे, पण तैलरंगांची शिफारस करताना आपल्या हवेचा विचार व्हायला हवा. मी कोकणात राहतो. पावसाळ्यात तैलरंगाचा घोडा वाळता वाळत नाही आणि तोवर त्यावर धूळ बसत राहते. त्या महिन्यांत मी ॲक्रिलिकमध्येच रिटार्डर (रंग सावकाश वाळवणारे द्रव्य) मिसळून काम भागवतो.

कवचाविषयी : त्याखाली काळा प्रायमर द्यावा, त्यावर गडद पोलादी रंग, मग निळसर काळा अगदी पातळ वॉश आणि शेवटी फक्त छातीच्या उभ्या कण्यावर व खांद्याच्या वळणावर शुद्ध चंदेरी. कडेने असलेले रिबिट आणि खांद्यावरील खवल्यांचे पट्टे पितळी असतात. कवचाच्या आतील अस्तराची लाल किनार गळ्याशी आणि बाह्यांपाशी दिसते, ती विसरू नये. त्या बारीक लाल रेघेने कवच अंगावरून वेगळे उठून दिसते. रेजिमेंटचा दर्शक रंगही (गळपट्टी, बाह्यांची टोके अशा भागांवरचा ओळखीचा रंग) तपासून घ्यावा : पहिल्या तीन रेजिमेंटना शेंदरी लाल, ४ ते ६ ला नारिंगी, ७ ते ९ ला पिवळा आणि १० ते १२ ला गुलाबी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मॅट वॉर्निश आधी मारावे आणि धातूचे भाग नंतर रंगवावेत, कारण मॅट वॉर्निशखाली पोलाद निस्तेज होते. स्प्रेचे वॉर्निश दमट दिवशी मारल्यास त्यावर पांढुरका धुरकटपणा येतो. तेव्हा कोरडा दिवस पाहावा.

शिसेपेटी :

जुन्या फिगरना कृपया कुंचला लावू नये. पोकळ ओतकामाची पद्धत विल्यम ब्रिटन यांच्या ब्रिटिश खेळण्यांच्या कंपनीने १८९३ मध्ये आणली आणि तिचा पहिला संच घोडेस्वार लाइफ गार्ड्सचाच होता. आपल्या घोड्यांच्या पोटाखाली पाहावे. तिथे कंपनीचे नाव आणि एखादे साल कोरलेले असू शकते. ते साल नमुन्याच्या हक्कनोंदणीचे असते, ती विशिष्ट फिगर ओतल्याचे नव्हे, हे लक्षात ठेवावे. संग्राहकाच्या दृष्टीने टवके उडालेला मूळ रंग हा उत्तम नव्या रंगापेक्षा मोलाचा असतो. रंगवण्याची हौस असेल तर त्याच स्वाराची नवी ओतीव प्रत घ्यावी.

साठवणीकडे मात्र तातडीने लक्ष द्यावे. लाकडातून, विशेषतः ओकसारख्या लाकडातून आणि हलक्या प्रतीच्या पुठ्ठ्यातून निघणाऱ्या आम्लयुक्त वाफांमुळे शिशावर करडी पांढरी भुकटी धरते आणि फिगर हळूहळू झडते. काच आणि धातूचे कपाट सर्वांत चांगले. अशी भुकटी दिसली तर ती फिगर इतरांपासून वेगळी ठेवावी, हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत आणि लहान मुलांच्या हाती ती देऊ नये.

कुंचला :

सर्वांचे मनापासून आभार. जुने घोडेस्वार लाकडी पेटीतून आजच काढले. पोटाखाली अक्षरे आहेत, भिंगाने वाचतो. आणखी एक शंका : उरलेल्या एका घोड्यावर पानिपतच्या काळातील शिलेदार बसवण्याचा विचार आहे. तो शोभेल का?

अबलख :

क्युरासिएचा घोडा त्यासाठी फार मोठा आहे. मराठ्यांच्या स्वारीतील भीमथडी घोडा अंगाने लहान, सडपातळ आणि काटक होता. त्याच्या प्रमाणासाठी एखादा अरबी जातीचा घोडा, किंवा हलक्या घोडदळाच्या फिगरमधला लहान घोडा शोधावा. फ्रेंच खोगीर आणि त्यामागची गोल वळकटी कापून टाकावी लागेल. त्या जागी एपॉक्सी पुटीने भरीव, गादीसारखे खोगीर घडवावे. शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःची शस्त्रे घेऊन येई, त्यामुळे गणवेशाचे बंधन नाही आणि घोड्याचा रंगही आपल्या मर्जीचा. पंचकल्याणी, म्हणजे चारही पाय आणि कपाळ पांढरे असलेला, करावा असे सुचवतो, पण चारही खूर फिकट रंगवायला विसरू नये.

खोगीर यांच्या आक्षेपाबद्दल : बर्न्ट अंबरमध्ये मँगॅनीज असल्यामुळे तो इतर तैलरंगांपेक्षा लवकर वाळतो. पावसाळ्यात फक्त तोच वापरावा आणि घोडा वाळेपर्यंत प्लास्टिकच्या डब्याखाली झाकून ठेवावा. डब्याच्या कडेखाली दोन काड्या ठेवल्या की हवा खेळती राहते.

खोगीर :

अंबरचे पटले. या आषाढात करून पाहीन. काळ्या घोड्यासाठी मात्र मी ॲक्रिलिकच वापरणार.